मुलुंडचा वन्स मोअर

१९ एप्रिल, रविवार

विशाल म्हणतो, बाबा, डोक्यात येईल ते लिहून काढत जा, आम्हाला सारखं विचारत बसू नका. म्हणून लिहायला घेतलं. शाळा माझी सातवीपर्यंत. चुकलं तर बघणार कोण आहे.

जयंती होऊन गेली तरी कार्यक्रम संपत नाहीत. एप्रिल अख्खा आपलाच. गंधालीला, म्हणजे माझ्या सुनेला, जिकडून तिकडून बोलावणं. काल विक्रोळी, परवा घाटकोपर, आज आमचंच कांजूरमार्ग. लोक तिला फोन करत नाहीत, मला करतात. ‘अंबादासराव, सूनबाईंना पाठवा.’ मंडळाची पोरं घरी येऊन जय भीम करतात, खुर्चीत बसवून फोटो काढतात. नाही कसं म्हणायचं? बाबासाहेबांच्या गाण्याला नाही म्हणायचं का? आज वाकोल्याच्या मंडळालाही शब्द दिला.

गंधाली म्हणाली, “बाबा, शनिवारी नाटकाची तालीम आहे.”

मी म्हटलं, “तालीम दिवसा, गाणं संध्याकाळी. जमेल.”

ती गरम पाणी पीत उभी राहिली. एवढ्या उकाड्यात गरम पाणी. हल्लीच्या मुलांचं काही कळत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज जाहिरात आली. ‘संगीत नावाडीण’. गंधालीचा फोटो, हातात वल्हं. मी दोनदा चष्मा पुसला.

हे नाटक मी लग्नाच्या वर्षी नंदाबरोबर पाहिलं होतं, घाटकोपरच्या मैदानात, मांडव घालून. नदीवर नाव चालवणारी बाई सगळ्यांना पलीकडे नेऊन सोडते आणि स्वतः अलीकडेच राहते, अशी गोष्ट. त्यात ‘पैलथडीच्या पाव्हण्या’ हे पद लागलं की लोक खुर्चीवर उभे राहायचे. पद संपलं की वन्स मोअर. पुन्हा म्हटलं की पुन्हा वन्स मोअर. त्या वेळच्या नटीने तीनदा म्हटलं आणि तिसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा चांगलं म्हटलं. नंदा घरी येताना म्हणाली होती, नट खरा की खोटा हे वन्स मोअरला कळतं. नंदा आता नाही. असती तर तिने सुनेची दृष्ट काढली असती, आणि मी तिला रागावलो असतो, की आपण हे मानत नाही.

आता हे नाटक महाराष्ट्रभर दौऱ्यावर निघतंय. मुंबईत मुलुंड आणि बोरिवली, मग नाशिक, मग नागपूरपर्यंत. मालकीण रत्नप्रभाबाई. त्यांनी गंधालीला गेल्या वर्षी विक्रोळीच्या एका जयंतीत ऐकलं आणि थेट नावाडीण दिली. नाटकातली काही माणसं कुरकुरली म्हणे, की हा गल्लीतल्या कार्यक्रमाचा आवाज आहे, नाट्यपदाचा नाही. विशालने सांगितलं. मला झोप आली नाही.

२ मे, शनिवार

घरात काहीतरी चाललंय आणि मला सांगत नाहीत.

गंधाली मोठ्याने बोलतच नाही. विशालच्या कानाशी कुजबुजते. मी गेलो की दोघं गप्प. लोणचं बंद, तळलेलं बंद. सकाळ-संध्याकाळ डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घेते. काल बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणत होती, पण नुसते ओठ हलत होते. मी शेजारीच होतो. आज दोघं घाटकोपरला डॉक्टरकडे गेली. मला सांगितलं, दात दुखतोय.

दातासाठी कोणी फाईल घेऊन जातं का?

मी मूर्ख नाही. डॉक्टर, पथ्य, कुजबुज. घरात पाळणा हलणार. पहिले तीन महिने कोणाला सांगायचं नसतं, हे मला माहीत आहे. पण मग धक्काच बसला, की ही बाई अशा अवस्थेत स्टेजवर नाव वल्हवणार? पडली-बिडली तर? विचारावंसं वाटतं, पण सासऱ्याने विचारायची ही गोष्ट नव्हे.

६ मे, बुधवार

गंधालीने आज माझ्यासमोर येऊन हळू आवाजात सांगितलं, “बाबा, रविवारी मुलुंडला नका येऊ. पुढच्या महिन्यात या.”

“का गं?”

“तयारी कच्ची आहे.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा दिवसांत बायका हळव्या होतात. मी मान हलवली. पण जाणार.

८ मे, शुक्रवार

डेनिसकडे गेलो होतो. आम्ही भांडुपला एकाच कारखान्यात जन्म काढला. त्याचं घर गावठाणात, विहिरीमागे. त्याची बायको पर्पेच्युआ वाल सोलत होती.

मी म्हटलं, “डेनिस, हल्लीच्या लोकांना वन्स मोअर द्यायचा असतो हेच माहीत नाही. नुसत्या टाळ्या वाजवतात आणि मोबाईल बघतात. पोरीचं पद कोरडं गेलं तर काय इज्जत राहील? तिच्यावर आधीच लोक टपलेले.”

डेनिस म्हणाला, “अंब्या, तू फक्त खूण कर. चर्चमध्ये मी आळवायला लागलो की फादर खिडक्या बंद करून घेतो.”

“एकदाच. जास्त नको. तिची तब्येत नाजूक आहे.”

“म्हणजे?” पर्पेच्युआने मान वर केली.

मी फक्त हसलो. तिने लगेच क्रूसाची खूण केली आणि मला पेला भरून सरबत दिलं.

१० मे, रविवार

आज लिहिता येत नाही.

११ मे, सोमवार

पण लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

आम्ही पाचव्या रांगेत होतो. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. नाव आली, नावेत माझी सून. ओळखूच आली नाही. हिरवं लुगडं, खोचलेला पदर. संवाद सुरू झाले तेव्हा आवाज मला बसलेला वाटला, खरखरीत. म्हटलं, आता गाणार कशी?

पण पद आलं आणि आवाज असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. घंटेसारखा. खालून वर चढला आणि वर जाऊन थांबला. पुढे खड्ड्यात पेटीवाला आणि तबलजी बसले होते. तबलजीचा हात एवढा हलका, की पान पडल्यासारखा पडत होता. मी मनात म्हटलं, काय संयम आहे या माणसाकडे.

पद संपलं. टाळ्या झाल्या, पण मी म्हटलं होतं तशाच, कोरड्या. मी डेनिसच्या मांडीला हात लावला.

डेनिस उठून ओरडला. मीही उठलो. “वन्स मोअर!” आमच्या मागे कोणी म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी आवाज दिला. मग बाल्कनीतून. मग सगळं नाट्यगृह. मला वाटलं, नंदा असायला हवी होती.

गंधालीने हात जोडले. मान नाही म्हणून हलवली. लोकांना तो विनय वाटला, आणखी ओरडले. मीही ओरडलो. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिला मी दिसलो, हे मला नक्की कळलं, कारण जोडलेले हात तसेच राहिले आणि चेहऱ्यावरचं सगळं निघून गेलं.

तिने वल्हं उचललं, पुढच्या प्रवेशासाठी वळली. आणि आवाज सुरू झाला.

तिचाच आवाज. ‘पैलथडीच्या पाव्हण्या’. आणि तिचं तोंड मिटलेलं.

मी भूतबीत मानत नाही. पण त्या क्षणी मानलं असतं. माणूस समोर उभा आहे, ओठ बंद आहेत आणि त्याचा आवाज सगळीकडून येतोय. मला वाटलं, पोरीला काहीतरी झालं. मी तिचं नाव घेतलं असेन बहुतेक, डेनिसने मला धरलं. पेटीवाल्याचे हात पट्ट्यांवर नव्हतेच, तो मागे वळून आवाजाच्या मशीनवाल्याकडे बघत होता, आणि पेटी वाजत होती.

तिने दोन ओळी ओठ हलवायचा प्रयत्न केला. ते जुळेनात. मग तिने ओठ मिटून घेतले, वल्हं खाली ठेवलं आणि नुसती उभी राहिली. आवाज आपला तान घेतोय. कोणीतरी हसलं. पुढच्या रांगांतून मोबाईल वर झाले. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “टेप आहे, टेप. कॅसेटवर नाचवतायत.” दुसरा म्हणाला, “म्हणून म्हणत होतो, गल्लीतल्या गाण्याला नाट्यपद म्हणू नये.”

पडदा पडला. पडद्याआडून आवाज चालूच होता. मग मधल्याच एका शब्दावर तुटला.

डेनिस हळूच म्हणाला, “अंब्या, आपण ओरडलो ना रे.”

रत्नप्रभाबाई पडद्यापुढे आल्या. म्हणाल्या, आवाज गंधालीचाच आहे, मार्चमधल्या तालमीत ध्वनिमुद्रित केलेला. वन्स मोअर ऐकून मशीनवाल्याने तो पुन्हा लावला. तिचा गळा आजारी आहे, दौरा ठरलेला होता, आम्ही आधी सांगायला हवं होतं. ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जावं. बरेच लोक गेले. मी बसून राहिलो.

१२ मे, मंगळवार

विशालने सगळं सांगितलं. पाळणाबिळणा काही नाही. गंधालीच्या स्वरयंत्रावर गाठी आल्यात. ती भलती गाठ नव्हे, म्हणे, गळा फार ताणला की गाणाऱ्यांना येते तशी. शस्त्रक्रिया करावी लागेल. दौऱ्यातून उतरली तर जागा गेली, म्हणून तिने शस्त्रक्रिया लांबवली होती.

मी विचारलं, “एवढी तालीम कशाला घेतात? नाटकवाल्यांना कळत नाही?”

विशाल कधी उलट बोलत नाही. म्हणाला, “बाबा, तालमीने नाही. एप्रिलने. सारखे कार्यक्रम, उघड्यावर, फुटके माईक, पुढे ढोल. शब्द तुम्ही द्यायचे, गळा तिने द्यायचा.”

हे काही बरोबर नाही. ती मला एकदाही नाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी ऐकलं नसतं का? लोकांना केवढं कौतुक वाटायचं तिचं. आणि मी काय माझ्यासाठी करत होतो?

ती आमच्या समोरच भाकरी थापत होती. माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरांनी नाटकातले संवाद सोडून बोलायला बंदी केली आहे म्हणून की रागाने, ते कळायला मार्ग नाही. ताटात भाकरी मात्र पहिली मलाच वाढली. त्यानेच जास्त त्रास झाला.

१४ मे, गुरुवार

ती चित्रफीत सगळीकडे फिरते आहे. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचा सौरभ बघत होता. मला बघून त्याने मोबाईल खिशात घातला, पण आवाज बंद करायचा राहिला. खिशातून माझी सून गात होती. चार मजले मी तसाच उभा.

दुपारी घाटकोपरच्या मंडळाच्या एकाचा फोन. नेहमी काका काका करणारा माणूस.

“काका, एक विचारू का, राग मानू नका. जयंतीला पण टेपच लावली होती का ताईंनी?”

मी असा ओरडलो, की शेजारच्यांनी दार उघडलं. “अरे, तुझ्यासमोर उभी राहून गायली ना ती! लाईट गेली होती तुमची, माईक बंद पडला होता, तरी गात राहिली, मैदानाच्या शेवटपर्यंत ऐकू जावं म्हणून. तूच नव्हतास का पुढे नाचत?”

“हो, ते आहे खरं,” तो म्हणाला. “लोक विचारतात म्हणून म्हटलं.”

फोन ठेवल्यावर मी जे बोललो ते माझं मलाच पुन्हा ऐकू आलं. माईक बंद पडला होता, तरी गात राहिली. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसून अभिमानाने हसत होतो.

पाणी प्यायलो.

१८ मे, सोमवार

काल बोरिवलीचा प्रयोग झाला. मी जाणार नव्हतो. मी गेलो की काहीतरी विपरीत होईल असं वाटत होतं. विशाल म्हणाला, चला, तिनेच सांगितलंय. पाटीवर लिहून दाखवलं म्हणे, ‘बाबांना आण’. मला विश्वास बसला नाही. डेनिसला मी नेलं नाही, पण तो आपणहून येऊन बसला होता, दोन रांगा सोडून, ओठांवर बोट ठेवून.

तिकिटं फार परत गेली होती असं ऐकलं, तरी गर्दी होती. तमाशा बघायला आली असेल. रत्नप्रभाबाई आधीच पुढे आल्या आणि म्हणाल्या, आजपासून पदं शीतल म्हणेल, समोर उभी राहून, पेटी-तबल्यावर. नावाडीण गंधालीच करेल. कल्पना गंधालीची आहे. शीतल म्हणजे नाटकात नावाडिणीच्या मैत्रिणीचं काम करणारी मुलगी. तिला उजेडात, स्टेजच्या कडेला उभं केलं होतं. घाबरलेली दिसत होती.

मी गाणं ऐकताना नेहमी डोळे मिटतो. काल मिटवेनात. पद लागलं आणि मी पहिल्यांदा बघितलं की माझी सून काय करते. ती ओठ हलवत नव्हती. खोटं गात नव्हती. ती फक्त नाव चालवत होती. पलीकडे कोणीतरी उतरून चाललंय आणि ही त्याच्या पाठीकडे बघते आहे. वल्हं पाण्यात आहे आणि ती ते ओढायचं विसरली आहे. बस, एवढंच. जयंतीत इतके कार्यक्रम मी पुढे बसून ऐकले, आणि हिचा चेहरा मला ठाऊकच नव्हता.

पद संपलं तर नाट्यगृहात कोणी हललं नाही. मला वाटलं, संपलं सगळं. आता कोणीतरी हसणार.

मग मागून कोणीतरी वन्स मोअर दिला.

मी शपथेवर सांगतो, तो मी नव्हतो. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. डेनिसही नव्हता. पण सगळे द्यायला लागले. शीतल गंधालीकडे बघायला लागली. गंधाली नावेतून उतरली, कडेला गेली, त्या मुलीचा हात धरून तिला मधोमध आणली आणि स्वतः दोन पावलं मागे झाली. वन्स मोअर शीतलने घेतला. गंधाली मागे उभी राहून टाळी धरत होती. आवाज न करता, बोटांवर.

प्रयोगानंतर आत गेलो. रंग पुसत होती. मला बघून उठली. मी म्हटलं, “फार छान.” मग एकामागून एक विचारलं, “थकलीस का? जेवलीस का? दुखतं का? नाशिकला तूच जाणार ना?” ती उत्तर द्यायला तोंड उघडायला लागली तसा विशाल ओरडला, “बाबा, प्रश्न विचारू नका. तुम्ही विचारलं की ती बोलायला जाते.”

मी बाहेर येऊन उभा राहिलो.

२६ मे, मंगळवार

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, चांगली झाली. मी विचारलं, गाता येईल ना? ते म्हणाले, आधी बोलता येऊ दे. हे उत्तर मला कळलं नाही. पुन्हा विचारणार होतो, विशालने खांद्यावर हात ठेवला.

नाशिकचा प्रयोग शीतल करणार. पदंही तीच म्हणणार, आणि नावाडीणही तीच. नागपूरचं रत्नप्रभाबाई नंतर सांगणार आहेत.

२९ मे, शुक्रवार

घरात एवढी शांतता नंदा गेली तेव्हाही नव्हती.

महिनाभर एकही शब्द बोलायचा नाही. हसायचं नाही, खोकायचंसुद्धा जपून. ती खाली बसून मेथी निवडत होती. मी समोर बसून देठं मोडायला लागलो. तिने माझ्याकडे बघितलं, जुडी मधोमध सरकवली.

फोन आला. पवईकडचं एक मंडळ. अशोक विजयादशमीचा मोठा कार्यक्रम, ऑक्टोबरात. तोवर सूनबाई बऱ्या होतीलच. लोकांचा गैरसमजही दूर होईल, काका, समोर उभ्या राहून गायल्या की. तुम्ही नुसता शब्द द्या.

एवढा वेळ मी असा कधी गप्प राहिलो नसेन. तो हॅलो हॅलो करत होता. मी म्हटलं, “मी शब्द देत नाही. तिचा नंबर मी देणार नाही, आणि तिला आता फोन करून उपयोगही नाही. तिला वाटलं तर ती कळवेल.”

“काका, रागावलात का?”

“नाही,” म्हटलं आणि ठेवला. बाबासाहेबांच्या गाण्याला मी नाही म्हटलं. लोक काय म्हणतील?

गंधालीने मान वर केली होती. भुवई उंचावून विचारलं, कोण?

मी म्हटलं, “मंडळवाले होते. मी शब्द नाही दिला.”

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला त्या बघण्याचा अर्थ लागला नाही. राग नव्हता. आनंदही म्हणता येणार नाही. मग तिने खाली मान घातली आणि मी निवडलेल्या ढिगातून जाड देठं वेगळी काढायला लागली.

माझ्या ओठांवर आलं होतं. तुझा आवाज येईल ना, गंधाली? एवढंच. सकाळपासून दहा वेळा आलं असेल.

मी विचारलं नाही. दुसरी जुडी सोडली.